आबांचं पिच्चरबद्दलचं मत

सांगलीजवळच्या माधवनगरातले यंत्रमाग बंद पडले तेव्हा मी नववीत होतो. एका मालकानं कारखाना मिटवला, त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. आमच्या आबांनी ज्या मागांवर उभी हयात काढली ते माग टेंपोत घालून भंगारवाल्याकडं गेले. आबा गेटाबाहेर उभे राहून बघत होते. लोखंडावर लोखंड आपटत होतं. त्यातलं आबांना फारसं ऐकू येत नव्हतं, कारण त्याच लोखंडानं त्यांचे कान आधी खाऊन टाकले होते.

हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यंत्रमाग चालू असला की शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं ओठांवर बोलतात. आवाज काढायचाच नाही. तोंड नीट उघडून एकेक शब्द करायचा, समोरच्यानं तो बघून ओळखायचा. कारखान्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सासुरवाडीच्या तक्रारी, पोरांची लग्नं, काल बघितलेला पिच्चर, सगळं असंच चालायचं. मालक फेरीला आला की त्याच्या तोंडासमोर उभं राहून त्याला शिव्या घालायच्या आणि बाकीच्यांनी गंभीर चेहऱ्यानं सुताकडं बघायचं. आबा म्हणायचे, "मालकाला सगळं कळायचं. निस्तं आमी काय म्हणतोय तेवढं सोडून."

आई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. त्यामुळं तिलाही हे बोलणं यायचं आणि दोघांचं बघून मलाही आलं. आमच्या घरात भांडणंसुद्धा बिनआवाजाची व्हायची. शेजाऱ्यांना वाटायचं, किती गुण्यागोविंदानं नांदतात.

पण आवाज काढून बोलायचं झालं की आबा ओरडायचे. मागावरची सगळीच माणसं ओरडतात, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना. "च्या घेनार का?" असं आबांनी पाहुण्याला विचारलं तरी पाहुणा दचकायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हा आता अंगावर येतोय.

माग गेल्यावर आबांना बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर वॉचमन म्हणून ठेवलं. गेटाबाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, वाजवत राहिला, आबा पाठ करून फुलझाडांना पाणी घालत होते. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. मग आई बेदाणा निवडायला जाऊ लागली आणि आबा मिळेल ते काम करू लागले. पोतं उचल, खड्डा खण, कुणाची भिंत रंगव. नातेवाइकांनी सांगून बघितलं, पोराला कुठंतरी चिकटवा. आबा अंगणात उभे राहून म्हणाले, "शिकंल त्यो!" हे वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं, त्यामुळं मला शिकणं भागच पडलं.

मी शिकलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजच्या पायऱ्या चढलेला एकच माणूस होता, माझा चुलता, आणि तो तिथं फरशी बसवायला गेला होता. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या टांगलेल्या असतात त्यांनी लपवावा.

आता पिच्चरचं. मागाला आठवड्याची सुट्टी असली की आबा मला सायकलवर पुढं बसवून सांगलीला मॅटिनीला न्यायचे. पडद्यावरचं बोलणं मी ऐकायचो, आबा बघायचे. पुष्कळदा त्यांना माझ्याआधी कळायचं. "ह्यो खोटं बोलतोय बघ," असं ते मोठ्यानं म्हणायचे आणि पुढच्या रांगेतली माणसं मागं वळायची. मध्यंतरानंतर तो माणूस खोटारडाच निघायचा.

पुढं बाहेरचे पिच्चर हिंदी आवाज चढवून यायला लागले. अंगात अचाट ताकद असलेली माणसं, आभाळातून उडणारी, शहरं वाचवणारी. ओठ इंग्रजी बोलणार, आबांना इंग्रजी येत नाही, आणि हिंदी आवाज कानापर्यंत पोचत नाही. मला वाटलं, आता आबांचा पिच्चर संपला. झालं उलटंच. आबांना हेच पिच्चर सगळ्यात जास्त आवडायला लागले.

मी एकदा विचारलं, "आबा, तुम्हाला कळतं काय त्यातलं?"

"मारामारीला कान कशाला लागत्यात रं? आन् बोलणं न्हाई कळलं तर न्हाई. तोंडाकडं बघितलं की मानूस रडायच्या बेतात हाय का कुणाला फसवतोय, तेवढं समजतं." मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "आन् आवाज हितं येतो. खुर्ची थरथरती. माग चालू असल्यासारखं वाटतं बघ."

तो आवाज ऐकायला नव्हे, अंगावर घ्यायला आबा जायचे. पैसे जुळले की नवा भाग लागल्याबरोबर पहिल्या आठवड्यात जायचे. इस्त्रीचा सदरा घालून जायचे. त्या माणसाच्या आयुष्यात तेवढी एकच चैन शिल्लक होती.

बी.ए. झाल्यावर मला नोकरी मिळाली ती साताऱ्यात. मोबाइलवर बघायचं एक चॅनल होतं, बातम्या थोड्या आणि धिंगाणा जास्त. मालकाला आम्ही सर म्हणायचो. मूळचे आमच्याच भागातले, पण पुण्यात चार वर्षं काढून बोली धुऊन आले होते. माझं काम, नवा पिच्चर लागला की पहिला खेळ सुटताना टॉकीजबाहेर माईक धरून उभं राहायचं आणि विचारायचं, "कसा वाटला पिच्चर?" साताऱ्यात मी, सांगलीत दुसरा एक गडी. कऱ्हाड-मलकापूरला ज्याला जमेल तो.

लोक काय काय बोलायचे! मला ते काम मनापासून आवडायचं, खोटं कशाला बोलू. सुपरहिरोंच्या पिच्चरला तर माणसं आतून तापूनच बाहेर यायची. कॉलेजची पोरं म्हणायची, "पहिला पार्ट जाळ हुता, ह्यात नुसता कॉम्प्युटरचा खेळ केलाय गड्या." दुसरा लगेच म्हणायचा, "तुला काय कळतंय रं? आधीचे सगळे भाग बघितलेत का? अभ्यास न करता पेपरला बसतोय ह्यो." एका पोरीनं सांगितलं, "मेलेला माणूस दर भागाला परत येतो. मग आम्ही रडायचं कशाला?"

सुट्टीवर आलेला एक फौजी भेटला. बायकोपोरं बरोबर होती. तो म्हणाला, "ह्याला गोळी लागतच न्हाई, मग ह्यो शूर कसा? गोळी लागती हे ठाऊक असून जो पुढं जातो त्याला आमी शूर म्हणतो." बायको म्हणाली, "आवं, पोरं ऐकत्यात." तो म्हणाला, "पोरांसाठीच बोलतोय."

आणि साताऱ्याचे एक जैन व्यापारी, नातवंडांना घेऊन आलेले. दिवस बुडायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. पिच्चर संपला, पण नातवंडं उठेनात, कारण सगळी नावं वर सरकून गेल्यावर शेवटी अजून एक तुकडा दाखवतात. तो बघून बाहेर येईपर्यंत सूर्य गेला. ते माईकमध्ये म्हणाले, "त्या हिरोनं सगळी दुनिया वाचवली, माझं जेवण तेवढं बुडवलं. आता सकाळपर्यंत उपाशी." एवढं सुरेख मत मी आजवर कुठं वाचलेलं नाही.

ह्यातलं काहीही चॅनलवर लागलं नाही. सरांचा नियम होता, मत एक तर 'आग' पाहिजे नाहीतर 'बकवास' पाहिजे. मधलं काही असलं की त्यांची कात्री चालायची. फौजीचं फक्त "ह्यो शूर कसा?" ठेवलं, वर भोंगा वाजवला. व्यापाऱ्यांचं "बुडवलं" तेवढं ठेवलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचे पिच्चरमध्ये पैसे बुडाले. मी म्हणालो, "सर, ते असं म्हणाले नाहीत."

"अरे, तोंडातून तेच शब्द आलेत ना? मग?"

गावाकडच्या बोलीवर तर त्यांचा विशेष डोळा असायचा. कुणी 'हाय, न्हाई' केलं की सर खुश. त्याच्यावर गाढवाचं ओरडणं चिकटवायचं, तोंड मोठं करून दाखवायचं. शुद्ध बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा खाली यायचा. आमच्यातला माणूस मात्र फक्त 'काका' नाहीतर 'मावशी'.

मग तो पिच्चर आला. नाव सांगत नाही, सांगायची गरज नाही. आबांच्या लाडक्या वीराचा नवा भाग. ह्या भागात त्याचं तोंड पहिल्यापासून शेवटपर्यंत मुखवट्यानं झाकलेलं होतं. मी साताऱ्यात टॉकीजबाहेर होतो. दुपारी ऑफिसवर आलो तर सगळे पडद्याभोवती उभे राहून हसत होते. एक जण पोट धरून खाली बसला होता. मीही हसायच्या तयारीनं पुढं गेलो.

पडद्यावर आबा होते.

इस्त्रीचा सदरा, मागं सांगलीची टॉकीज. तोंड पडदाभर मोठं केलेलं, मानेच्या शिरा ताठ. आबा ओरडत होते, "तोंड झाकून कसला आलाय शूर? मला न्हाई कळलं कायबी!" आणि गाढव. मग परत तेच. मग तेच हळू गतीत. वर मोठ्या अक्षरात, 'काका भडकले! सुपरहिरोची काढली लाज!'

खाली बघणाऱ्यांची मतं येत होती. म्हातारबा, तुमी तमाशाच बघा. ह्यांना आत सोडलं कुणी? औषधाची गोळी चुकली वाटतं आज. वीराचे भक्त तर शिव्यांवर उतरले होते. माझ्या बापाला, आईवरून.

मी म्हणालो, "हे माझे वडील आहेत."

हसणं थांबलं. सर खुर्चीतून उठले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "अरे मग भारीच की! आधी नाही का सांगायचं? त्यांना आपण प्रत्येक पिच्चरला बसवू. भडकू काका! तुझाही पगार वाढवू."

"ते भडकलेले नाहीत सर. त्यांना ऐकू येत नाही. ते असंच बोलतात. पूर्ण काय बोलले ते दाखवा, नाहीतर हे काढा."

"चाललंय ते काढायचं कशाला? आणि पूर्ण कोण बघतं रे? तू बघशील?"

"मी बघीन."

"तू एकटाच."

मी माईक टेबलावर ठेवला. गळ्यातलं ओळखपत्र काढून माईकवर ठेवलं आणि खाली येऊन एस्टी स्टँडचा रस्ता धरला. पोवई नाक्यापर्यंत चालत असताना दोघा पोरांच्या मोबाइलवर मला माझ्या बापाचा आवाज ऐकू आला.

माधवनगरला पोचलो तेव्हा मला एकच आशा होती. आबांना ऐकू येत नाही, मोबाइल त्यांच्याकडं साधा, तेव्हा त्यांच्यापर्यंत हे पोचलं नसेल. गल्लीलाही तसंच वाटत होतं. चहाच्या गाड्यावरची माणसं, रस्त्याच्या पलीकडची पोरं, सगळी निर्धास्त होती. बहिऱ्याची नक्कल करायला भ्यायचं कशाला? आबा दारात बसलेले. पलीकडून एकानं मानेच्या शिरा ताणल्या, तोंड वाकडं केलं आणि आवाज न काढता ते वाक्य करून दाखवलं. दुसरे हसले.

ज्या माणसानं तीस-चाळीस फुटांवरचे ओठ वाचत जन्म काढला, त्याच्यासमोर ते ओठ हलवत होते. मागवाले मालकाच्या तोंडावर बिनआवाजाच्या शिव्या द्यायचे तसंच हे चाललं होतं, आणि आता आबांनाच ही माणसं मालकासारखं समजत होती, न कळणारा.

मी आत आलो. आई चुलीपाशी बसलेली. ती ओठांवर म्हणाली, "त्यांना ठाऊक हाय सगळं. कुणी दाखवलं न्हाई. तोंडं बघून कळलं. जेवले न्हाईत."

आबांनी मला विचारलं, तेही ओठांवरच, "तुमच्याच चॅनलचं हाय न्हवं त्ये?"

मी मान हलवली.

"सोडलीस?"

मी परत मान हलवली. त्या दिवसापासून आबांनी आवाज काढणं बंद केलं. पाहुण्याला "च्या घेनार का" नाही, रस्त्यावरच्या कुत्र्याला "हाड" नाही. जे काही बोलायचं ते आमच्याशी, बिनआवाजाचं. गल्लीला ऐकू जाणारा तो एक आवाज होता, तो गेला, आणि गल्लीला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

आठवड्याभरानं दारात गाडी थांबली. सर उतरले, बरोबर सांगलीचा तो कॅमेरावाला गडी. सरांच्या हातात शाल आणि नारळ. आमच्याकडं सत्कार म्हटलं की कुणाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दारात शाल घेऊन आलेल्या माणसाला परत कोण पाठवतो? आईनं पदर सावरून पाट टाकला. मी आडवा आलो तर आबांनी हातानं मला बाजूला केलं.

सर एकेक शब्द तोडून मोठ्यानं म्हणाले, "काका, तुम्ही स्टार झालात! लोकांना तुम्ही लई आवडलात." त्यांनी बोलीसुद्धा परत अंगात घातली होती, भाड्यानं आणल्यासारखी. आबांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. आबा त्यांच्या तोंडाकडं बघत होते. सर वळले आणि कॅमेरावाल्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, मी दारात होतो. सर आबांना अर्धवट दिसत होते, एका बाजूनं. तेवढं पुरलं.

आबांनी शाल काढली. नीट घडी घातली. वर नारळ ठेवला आणि दोन्ही सरांच्या हातात दिलं. मग कित्येक दिवसांनी आवाज काढला, मागावरचा. भांडी हलली.

"म्हातारं येडं हाय, पर कामाचं हाय. हेच म्हणालासा न्हवं आत्ता? जावा."

एवढं झाल्यावर कुणाचीही मान खाली जाईल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही क्षणभर वाटलं होतं. सरांनी कॅमेरावाल्याला विचारलं, "घेतलंस ना?" दुसऱ्या दिवशी चॅनलवर आबा परत ओरडत होते. 'भडकू काकांनी सत्कार नाकारला!' गाढव होतंच. अशा माणसांना लाज वाटायला लावण्याच्या फंदात कुणी पडू नये, हे मी तेव्हा शिकलो. ती त्यांच्याकडं नसते.

पण कॅमेरावाला गडी सगळं बघून गेला होता. चार दिवसांनी त्यानं मला मोबाइलवर आबांचं त्या दिवशीचं पूर्ण बोलणं पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'मी दिलं म्हणू नकोस गड्या. घरी दोन पोरं हायत.' त्याला मी दोष दिला नाही, देतही नाही.

पूर्ण बोलणं असं होतं:

"पिच्चर लय भारी हाय. लय म्हंजे लय! पूल पडतोय तवा त्यो खाली जाऊन पाठीवर पेलतो, तवा खुर्ची अशी हालली, मला आमचा कारखाना आठवला. निस्तं एक हाय. ह्या बारीला त्याचं तोंड झाकलंय. मला ऐकू येत न्हाई, मी तोंडं बघून पिच्चर बघतो. त्यो आईपाशी बसून कायतरी सांगतो आन् आई रडाय लागती. काय सांगितलं असंल? तोंड झाकून कसला आलाय शूर? मला न्हाई कळलं कायबी! रडायचं मला बी हुतं की. तेवढं तोंड उघडं ठेवा म्हणावं. बाकी मी परत येनार हाय बघाय."

म्हणजे त्या टॉकीजमधून त्या दिवशी बाहेर पडलेल्या सगळ्या गर्दीत पिच्चरवर सगळ्यात जास्त जीव असलेला माणूस माझा बाप होता. त्यालाच पिच्चरचा वैरी करून विकला.

मी ते पूर्ण बोलणं घेतलं. खाली मराठीत एकेक ओळ टाकली, ऐकू न येणाऱ्यालाही वाचता यावी अशी. ओळ लहान ठेवली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला ती निवांत वाचता यावी, म्हणून डोळ्यांपुढं जरा जास्त वेळ ठेवली. ते लोकांसमोर टाकलं. सर म्हणाले होते तसंच झालं. पूर्ण कुणी बघितलं नाही. कापलेलं गावोगाव फिरत होतं आणि पूर्ण असलेलं आमच्याच दारात पडून होतं.

बघितलं ते जुन्या मागवाल्यांनी. कोण आता भाजी विकतो, कोण रिक्षा चालवतो, कोण पोरांच्या जिवावर घरात बसलेला. सगळ्यांचे कान गेलेले. त्यांनी ते एकमेकांना पाठवलं. एका सकाळी चौघं-पाच जण आमच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि ओरडायला लागले, एकाच वेळी, मागावरच्या आवाजात. आई घाबरून बाहेर आली. त्यातला एक, पूर्वी आबांच्या शेजारच्या मागावर असलेला, म्हणाला, "अक्षरं वाचली आमी! पयल्यांदा कुणीतरी आमच्यासाठी लिहिलंय! आवं, त्यो नवा भाग कवा लागतोय?"

"कुठला नवा भाग?" मी म्हणालो.

"कुठला म्हंजे? त्याचा! तोंड झाकलेल्याचा!"

आबांनी ओठांवर म्हटलं, "मी न्हाई येनार."

तो माणूस ओरडला, "का? आमी बी बहिरेच हाय! हसतील तर सगळ्यांना हसतील! एकट्याला हसायची मजा तरी जाईल त्यांची!"

नवा भाग लागायला बराच काळ गेला. तोवर माझ्याकडं काम नव्हतं असं नाही. ती ओळी लिहिलेली चित्रफीत दाखवून मी पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. मोबाइलवर बघायच्या मालिकांखाली मराठी ओळी लिहायचं काम. त्यांनी विचारलं, कुठं शिकलात? मी सांगितलं, घरी. मला वाटतं त्यांना तो विनोद वाटला. काम मिळालं, घरूनच करायचं. रोज एक भांडण मात्र होतं. ते म्हणतात, ओळी मोठ्या चालतील, लोक भरभर वाचतात. मी म्हणतो, कोण लोक?

नवा भाग लागला. मागवाले सगळे इस्त्री करून आले. आबांना त्यांनी मध्ये घातलं आणि सांगलीला नेलं. मी मागच्या रांगेत बसलो. पिच्चरभर ते सगळे ओरडून बोलत होते आणि लोक "शू, शू" करत होते. ती शू कुणालाही ऐकू गेली नाही.

सुटल्यावर बाहेर माईक होताच. त्याच चॅनलची नवी पोरगी उभी होती. तिनं आबांना ओळखलं, डोळे चमकले. मी पुढं होऊन नको म्हणणार होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. तिचा प्रश्न ओठांवरून वाचला. जरा थांबले. आता ते मान हलवून निघाले असते, तर पुन्हा कधी कुणाला काही सांगितलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

आबांनी तिच्या हातातला माईक स्वतःच्या हातात घेतला.

"बंडल हाय पिच्चर! मागल्या बारीला तोंड झाकलेलं हुतं, ह्या बारीला उघडलंय त्ये मिटंना! दोन तास निस्ता बोलत बसलाय! आरं, मारामारी कर की जरा! आमची खुर्ची एकदा बी हालली न्हाई!"

मागवाले खदाखदा हसले. रस्त्यावरची माणसं थांबली. पोरगी म्हणाली, "काका, अजून काही?"

"हाय की! सगळं घेनार आसशील तर सांगतो!"

आणि आबा सांगत राहिले. पुलाचं, आईचं, आधीच्या भागांचं. मी माझ्या मोबाइलवर सगळं घेतलं.

चॅनलनं त्यातलं 'बंडल हाय' तेवढंच ठेवलं, गाढवासकट. जुनी क्लिपही अजून तिथंच आहे आणि लोक अजून हसतात. त्यांना मी माफ केलेलं नाही. पण माझे वडील पुन्हा टॉकीजला जातात, आणि पिच्चर कसा वाटला ते गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगतात. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे. ऐकू न येणाऱ्यांसाठी ओळी लिहितो आणि त्यावर आमचं घर चालतं.